बॅटऱ्यांचं माहेर

"लाईट सरकारची, उजेड आपला."

मामाचं हे बोलणं ज्याच्या कानावर पडलं नाही असा माणूस उचगावात असलाच, तर तो एक तर तान्हा असेल, नाहीतर ठार बहिरा. मामाचं खरं नाव आकाराम. गाव त्याला आधी बॅटरीमामा म्हणायचं आणि पुढं पुढं नुसतं मामा. लाईट गेली की लोक शिव्या देत उंबऱ्यावर यायचे. मामा दुकानाच्या फळीवर बसून हे वाक्य म्हणायचा, आणि म्हणायचा असं, की जणू लाईट त्यानंच घालवली आहे आणि आता तिच्या माघारी दोन शब्द बोलायला उभा राहिला आहे.

दुकान फाट्यावर, चिंचेच्या सावलीत. चार पत्रे, एक फळी, चार्जिंगचा एक जुनाट डबा, डिस्टिल वॉटरचे कॅन आणि ॲसिडचा वास. तो वास मामाच्या अंगाला असा चिकटलेला, की अंधारात तो शेजारून गेला तरी कोण गेलं ते सांगावं लागत नसे. ॲसिडनं त्याच्या विजारीला इतकी भोकं पाडली होती, की त्याची बायको चिमणाबाई ती वाळत घालायची तेव्हा तिच्यातून पलीकडचं घर दिसायचं.

शिक्षण चौथी. शाहूपुरीतल्या एका गॅरेजात दोन वर्षं बॅटऱ्या धुतल्या, तेवढंच काय ते त्याचं कॉलेज. एक्क्याण्णव साली त्यानं फाट्यावर हे दुकान घातलं. ट्रॅक्टरच्या, जीपच्या बॅटऱ्या यायच्या. पण त्याचं नाव झालं ते गणपतरावाच्या एसटीडी बूथमुळं. त्या काळी लाईट गेली की फोन चालू राहायचा, पण मिनिटं मोजणारा डबा बंद पडायचा. डबा बंद म्हणजे बूथ बंद. गणपतराव बाहेर उभ्या माणसांना हात जोडून परत पाठवायचा. मामानं एक दिवस आत डोकावून वायर हुंगल्यासारखी बघितली आणि सांगितलं, "फोनला त्याच्या तारंतनं लाईट मिळती. डब्याला कोण जेवाय घालतंय? त्यो उपाशी हाय." दुसऱ्या दिवशी जीपची एक जुनी बॅटरी आली आणि गणपतरावाचा डबा जेवायला लागला. पुढं दहा-पंधरा वर्षांनी घरोघरी कॉम्प्युटर आले, तेव्हाही मामाला यापेक्षा जास्त काही शिकावं लागलं नाही. कुठला डबा कुणाच्या जिवावर जगतो, एवढंच तो बघायचा.

मामाच्या हातची बॅटरी एकदा का एखाद्या घरात गेली, की ती त्याची मुलगी आणि ते घर तिचं सासर. मामाला मूलबाळ नव्हतं. लोक म्हणायचे त्यातूनच हे खूळ निघालं. मला तसं वाटत नाही. मामाला लोकांच्या घरात घुसून त्यांना झापायला आवडायचं, आणि व्याह्याला झापायचा हक्क मुलीच्या बापाइतका कुणाला असतो? तो कुठंही शिरायचा, बॅटरीचं झाकण उघडायचा आणि पाणी आटलेलं दिसलं की घरातल्या कर्त्या माणसाला त्याच्या बायकोपोरांदेखत विचारायचा, "राबवून घेताय न्हवं हिला? मग घोटभर पाणी द्याया काय झालं?"

आता ज्यासाठी हे सगळं सांगतो आहे ती त्याची रीत. नवरात्रात अष्टमीच्या दिवशी दुपारपासून मामा हातगाडा घेऊन निघायचा आणि आपल्या सगळ्या बॅटऱ्या घरोघरून गोळा करायचा. माहेरपणाला. रात्रीतून त्यांना धुवायचं, पुसायचं, पाणी भरायचं, चार्ज करायचं. खंडेनवमीला सकाळी दुकानात पांढऱ्या चादरीवर त्यांच्या रांगा मांडायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं. त्या दिवशी सगळ्याच हत्यारांना सुट्टी असते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, शिंप्याची मशीन, सगळे पूजेत बसतात. मामाच्या बॅटऱ्याही बसायच्या. दसऱ्याला संध्याकाळी सोनं लुटून झालं की त्या पुन्हा आपापल्या घरी, आपट्याच्या पानांसकट. याचे पैसे नाहीत. नेम मात्र एकच, आणि तो कडक: पूजेत बसवलेली बॅटरी दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत उचलायची नाही. एकदा सरपंचाच्या घरून माणूस आला होता, त्यालाही मामानं प्रसाद देऊन वाटेला लावलं होतं.

अंजनाच्या घरची बॅटरी ही मामाची धाकटी.

अंजना ही आप्पासोंची बहीण. आप्पासो जैन समाजातले, शाहूपुरीत गुळाचा व्यापार, उचगावात दुमजली घर. अंजना हातकणंगल्याला दिलेली. सात वर्षं नांदली आणि दोन हजार तीन साली एक बॅग घेऊन माघारी आली. का आली ते तिनं सांगितलं नाही, आणि घरच्यांनी विचारलं नाही. घरच्यांनी तिला चांगलं वागवलं. फार चांगलं वागवलं, हीच तर अडचण होती. सणाला पहिलं ताट तिला, आणि सणाच्या कामाला हात लावू नकोस म्हणून ताकीदही तिलाच. तिची आई आक्काताई येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, लेक आलीय चार दिवस विश्रांतीला. चार दिवसांची पाच वर्षं झाली.

या पाच वर्षांत अंजनानं शाहूपुरीत एक क्लास केला. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून झालं की त्याची हकिगत यंत्रात बोलून ठेवतात. ते बोलणं इंटरनेटवरून इकडं यायचं, ते कानाला लावून ऐकायचं आणि टाईप करून परत पाठवायचं. अंजनाला ते जमलं. घरच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर आला, टेलिफोनच्या तारेला जोडून इंटरनेटचा मोडेम आला आणि अंजना दिवसभर कानावर हेडफोन लावून बसायला लागली. आक्काताईला ते पटलं नव्हतं. ती शेजारणीला सांगायची, "परका बाप्या दिसभर कानात घिऊन बसती. आन् त्यो बी मेला आजारपणाचंच बोलतोय."

तेव्हा दिवसाचं पाच-सहा तास लोडशेडिंग असायचं. कॉम्प्युटरसोबत आलेला यूपीएस दहा मिनिटांत दम टाकायचा. म्हणून मामाला बोलावलं. मामानं त्या यूपीएसच्या पोटातली इवलीशी बॅटरी काढली आणि त्याच जागी लांब वायरी जोडून बाहेर पॅसेजमध्ये जीपची बॅटरी बसवली, वर भोकाभोकांचं लाकडी झाकण. त्याच दुपारी लाईट गेली. कॉम्प्युटर चालू राहिला आणि इंटरनेट गेलं. अंजना वैतागली. मामा आला, खाली वाकून बसला आणि हसायलाच लागला. मोडेमची पिन भिंतीतल्या बोर्डात होती. मोठ्याला जेवण आणि बारका उपाशी. मामानं ती पिन काढून यूपीएसच्या मागं खुपसली. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मधल्या काळात लाईट एकदा परत आली होती आणि येताना जो झटका घेऊन आली, त्यात मोडेम जळून गेला होता. नवा आणावा लागला. मामानं तेव्हा सांगितलेलं अंजनाच्या वहीत लिहिलेलं मी पाहिलं आहे: लाईट जाताना चोरासारखी जाते आणि येताना सासूसारखी येते, म्हणून नाजूक जिवाला मधे कुणाच्या तरी आडोशाला ठेवावं.

तर दोन हजार आठ साल. तोवर अंजनाला काम मिळायचं ते क्लासवाल्यांच्या मार्फत, तुकड्यातुकड्यानं. आता पुण्याच्या एका कंपनीनं तिला घरबसल्या कायमची नोकरी देऊ केली, पण आधी परीक्षा. ठरल्या दिवशी सकाळी अकराला फाईल येणार, एकच्या आत टाईप होऊन परत पोचली पाहिजे, तीही घरच्या कॉम्प्युटरवरून, घरच्या लाईनवरून. दुसरी संधी नाही. इकडं आप्पासोंनी हातकणंगल्याच्या लोकांशी बोलणं सुरू केलं होतं. दसरा झाला की ते यायचे होते, झालं गेलं विसरून सून परत न्यायला. अंजनानं भावाला एवढंच सांगितलं होतं, की ही नोकरी लागली तर मी कुठंही जाणार नाही. आप्पासो म्हणाले, लागू दे तर खरी. नाही लागली तर मग माझं ऐकायचं.

परीक्षेची तारीख पडली खंडेनवमीची. अमेरिकेतल्या डॉक्टरांना खंडेनवमी माहीत नसते.

अष्टमीला मामा हातगाडा घेऊन आला, तेव्हा अंजनानं विचार केला. सणाचं लोडशेडिंग नाही, असं तिनं लाईटच्या ऑफिसात विचारून घेतलं होतं. दरवर्षी बॅटरी जाते, यंदाही जाऊ दे. मामाचं मन का मोडा? तिनं स्वतः झाकण उचलून दिलं.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. अकरा वाजता फाईल आली. अंजना कामाला बसली. आणि गाव गाड्या धुवायला बसलं. ज्याच्या दारात ट्रॅक्टर त्यानं मोटर लावली, ज्याच्या दारात जीप त्यानं मोटर लावली. ज्याच्याकडं नुसती लूना, त्यानंही शेजाऱ्याच्या बरोबरीनं मोटरच लावली. गल्लीभर पाण्याचे फवारे उडत होते. अकरा वाजून वीस मिनिटांनी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीतून धप्प असा आवाज आला आणि सगळे पाईप एकदम माना टाकून पडले.

लोकांनी डीपीकडं बघितलं, मग एकमेकांकडं बघितलं, आणि बादल्या घेऊन आडावर गेले. मागच्या खोलीत अंजनासमोरचा पडदा काळा झाला. बॅटरी नसलेल्या यूपीएसनं नुसतं चिंव केलं.

ती वायरमन कृष्णातच्या घरी पळाली. कृष्णात सोवळं नेसून पाटावर बसला होता. समोर त्याची पक्कड, टेस्टर आणि चढायचा पट्टा, तिन्हीला गंध. त्यानं अतिशय अदबीनं सांगितलं, की पक्कड पूजेत हाय ताई, उद्या सोनं लुटलं की पयला डीपीच बघतो.

अंजना तिथून फाट्यावर आली. पावणेबारा वाजले होते. मामाच्या दुकानात तेवीस बॅटऱ्या चार रांगांत बसलेल्या, गळ्यात झेंडू, कपाळी हळदकुंकू, उदबत्तीचा धूर. मामा नवरात्राच्या उपासाचा, अनवाणी, भोकं नसलेलं एकुलतं एक धोतर नेसून, आलेल्या चार माणसांना प्रत्येक मुलीची ओळख करून देत होता. ही गणपतरावांच्यात दिलेली, लई सोशिक. ही डेअरीत दिलेली, राबून राबून म्हातारी झाली. अंजनाची बॅटरी तिसऱ्या रांगेत कडेला होती.

अंजनानं दम न खाता सगळं सांगितलं. मामानं कान खाजवला. त्याला वाईट वाटलं, हे सगळ्यांना दिसलं. पण तो म्हणाला की नेम म्हंजे नेम, सरपंचाला मोडला न्हाय. दुसरी कुठली बॅटरी बघू म्हणून त्यानं तिथंच उभ्या गणपतरावाकडं पाहिलं. गणपतरावाच्या जीपच्या चारी चाकांखाली लिंबं ठेवलेली होती. गणपतरावानं एकदम देवळाच्या दिशेला नमस्कार केला.

"दोनच दिस हायत, ताई," मामा म्हणाला. "लेक म्हायेराला आल्यावर तिला दोन दिस तरी बसू द्यावं."

अंजना त्या बॅटरीकडं बघत होती. झेंडूच्या माळेखाली तिची वायर जोडायची टोकं कुंकवानं पार झाकून गेली होती.

"माहेरी बसवून ठेवलेलीचं काय होतं ते मला विचारा, मामा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ओवाळतात. गोड खाऊ घालतात. आणि कोपऱ्यात ठेवतात. तिला बसायचं आहे का ते तिला कुणी विचारलंय?"

मामानं चार रांगांवरून नजर फिरवली. मग तो तिसऱ्या रांगेपाशी गेला, बॅटरीच्या गळ्यातली माळ काढली आणि ती उचलली.

पण चिमणाबाईनं त्याला वाटेत अडवलं. चाळीस वर्षं या माणसाची खुळं सांभाळलेली बाई, ती त्याला गावादेखत नेम मोडलेला दिसू देईल कशी? लेकीला सासरहून बोलावणं आलं तर सणातनं पाठवायची रीत हाय, पर रिकाम्या हातानं पाठवत न्हाईत, असं ती चारचौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. आत जाऊन नारळ, ओंजळभर तांदूळ आणि एक खण घेऊन आली आणि बॅटरीची ओटी भरली. बघणाऱ्यांत एकानं हसू दाबलं. गणपतराव मात्र गंभीरपणे म्हणाला, व्हय व्हय, ही रीत हाय.

आता न्यायची कशी? मामाची सायकल पूजेत, हातगाडा पूजेत, जीप लिंबांवर. अशा वेळी समोरून प्रसेनजीतची स्कूटर आली. प्रसेनजीत हायस्कूलमध्ये क्लार्क. त्याच्या आज्यानं छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात हत्यारांची पूजा नाही. दसऱ्याला त्यांच्या विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असतो, त्यासाठी तो निळ्या पताकांचा गठ्ठा घेऊन निघाला होता. त्याची आणि मामाची जुनी थट्टा. दरवर्षी या दिवशी तो मुद्दाम दुकानासमोर हॉर्न वाजवायचा आणि म्हणायचा, बघा, आमची बिचारी सणाला बी कामावर.

त्यानं मामाला ओटीचा नारळ आणि बॅटरी कवटाळून रस्त्यावर उभं बघितलं आणि ब्रेक मारला.

"काय पावणं, कुठं निघाला?"

मामानं थोडक्यात सांगितलं. प्रसेनजीतनं पताकांचा गठ्ठा चिमणाबाईच्या हाती दिला, पण स्कूटरवर हात ठेवून तो एक क्षण तसाच थांबला. असली संधी वर्षातून एकदाच येते.

"बसा की. पर आधी चारचौघांत सांगा, बिनपूजेची गाडी चालती का न्हाय?"

"चालती रं बाबा," मामा मागं बसत म्हणाला. "चालती म्हणूनच सगळ्या गावाची कामं तिलाच लागत्यात. चल."

अंजना उसाच्या कडेनं आडवाटेनं पळाली. स्कूटर रस्त्यानं. मामा मागं बसलेला, मांडीवर बॅटरी, बॅटरीवर नारळ, आणि खड्डा आला की तो स्कूटरला नाही, बॅटरीला म्हणायचा, जरा दमानं हं. एका खड्ड्यात ॲसिड हिंदकळलं आणि भोकं नसलेलं एकुलतं एक धोतर इतरांच्या पंगतीला जाऊन बसलं.

बारा वाजून पाच मिनिटं. मामानं पॅसेजमध्ये बसून वायरी जोडल्या. यूपीएस गप्प. पुन्हा जोडल्या. गप्प. अंजना दारात उभी, आप्पासो जिन्यात उभे. आप्पासोंनी घड्याळाकडं बघितलं. मग त्याच्या ध्यानात आलं. सकाळी त्यानं स्वतःच भक्तिभावानं हळद, कुंकू, गंध आणि वर तेलाचं बोट अशी टोकांवर पुटं चढवली होती. त्या पुटांतून लाईट काय, मुंगी पलीकडं गेली नसती. ती खरवडायला हत्यार पाहिजे. मामाची सगळी हत्यारं फाट्यावर चादरीवर. आप्पासोंच्या घरातली विळी, कात्री, हातोडी, सगळी देव्हाऱ्यासमोर मांडलेली. मामा बोटाच्या नखानं खरवडायला लागला.

तेव्हा आक्काताई स्वयंपाकघरातून आली. हातात उलथणं, त्याला अजून पोळीचं पीठ लागलेलं. तिनं ते मामाच्या पुढ्यात टाकलं.

"घे. हे पूजेत न्हाय. सणाला सैपाक थांबतोय व्हय कुणाच्यात? ह्याला कोण सुट्टी देतंय!"

मामानं उलथण्यानं आपली सकाळची सगळी भक्ती खरवडून काढली. वायर जोडली. यूपीएसनं बिप केलं. पडदा उजळला. मोडेमवर पहिला हिरवा दिवा लागला. दुसरा लुकलुकायला लागला. तिसरा इंटरनेटचा, तो लागेना. मोडेमला आपलं आपण सावरायला दोनेक मिनिटं लागतात, हे अंजनाला ठाऊक होतं. बाकीच्यांना नव्हतं. आक्काताई, आप्पासो, प्रसेनजीत आणि मामा, चौघं त्या तळहाताएवढ्या डब्यावर वाकून उभे होते. आपल्या गावात इतक्या माणसांनी इतक्या आशेनं इतकी लहान वस्तू कधी बघितली नसेल.

तिसरा दिवा लागला.

अंजनानं हेडफोन चढवले आणि ती या घरातून निघून गेली. तिच्या बोटांचा आवाज तेवढा मागं राहिला. उसाच्या पाल्यावर बारीक पाऊस पडावा तसा. मामा पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसून राहिला. आक्काताईनं त्याला उपासाचं म्हणून केळं दिलं. ते त्यानं खाल्लं नाही, हातातच धरलं. एकला आठ मिनिटं कमी असताना बोटं थांबली. अंजनानं मागं वळून नुसती मान हलवली. गेलं.

मामा फाट्यावर परतला तो दुकानासमोर ही गर्दी. बातमी त्याच्या आधी पोचली होती. लाईट अजून नव्हतीच, आणि सगळ्या सासरच्यांना आपापल्या सुनेची एकदम आठवण झाली होती. डेअरीवाल्यांचं दूध मोजायचं अडलेलं, गणपतरावाची टीव्हीवरची मॅच अडलेली. मामा रस्त्यातच थांबला. त्याला वाटलं चिमणाबाई सगळ्यांना हाकलेल. चिमणाबाई पदर खोचून ओट्या भरत होती. घरातले तांदूळ संपल्यावर तिनं नियम काढला, की सासरच्यांनी नारळ-तांदूळ आपला आपण आणायचा. दिवस मावळेपर्यंत चादरीवर तीनच बॅटऱ्या उरल्या, आणि त्याही अशा, की ज्यांच्या घरची माणसं गावाला गेली होती. मामा दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. पुढच्या वर्षापासून मात्र त्यानं हातगाडा काढला नाही. अष्टमीपासून तोच घरोघरी जायचा, चालत्या बॅटरीला पाणी पाजायचा, आणि हळदकुंकू झाकणाला लावायचा, टोकांना नाही. घरोघरी दुकानातले तयार इन्व्हर्टर आले तरी त्याचं जाणं चालूच होतं. लोकांना इन्व्हर्टरपेक्षा त्याच्या शिव्यांची सवय झाली होती.

पण माझ्या डोळ्यांसमोर राहिलंय ते त्याच वर्षीचं, दसऱ्यानंतरच्या आठवड्यातलं. अंजनाला नोकरी लागल्याचं पत्र कॉम्प्युटरवर आलं होतं. तरी आप्पासोंनी हातकणंगल्याच्या माणसांना नको म्हणून कळवलं नव्हतं, त्यांचं तोंड उघडेना. ती माणसं ठरल्या दिवशी दुपारी आली. दोघं पुरुष, एक बाई, पेढ्यांचा पुडा. मामा त्या वेळी पॅसेजमध्ये बॅटरीला पाणी भरत होता, आणि मी, तेव्हा त्याच्या हाताखाली असलेला पोरगा, त्याचा कॅन धरून उभा होतो, म्हणून हे सगळं मला माहीत आहे. पाहुण्यांनी विचारलं, अंजना कुठं आहे? आप्पासो चाचरले. आक्काताई पुढं झाली. तिनं सांगितलं, की ती कामावर आहे, पाचला सुटेल, तोवर तिला बोलावता येत नाही, कंपनीचा नियम आहे. जी बाई पाच वर्षं लेक विश्रांतीला आलीय म्हणून सांगत होती, तिनं हे सांगितलं.

पाहुणे बसले. तीनला लोडशेडिंग झालं आणि सोप्यातला पंखा थांबला. मागच्या खोलीतून बोटांचा आवाज येत राहिला. पाहुण्यांनी रुमाल काढले, वारा घेतला, एकमेकांकडं बघितलं. त्यातल्या थोरल्या माणसानं मामाला विचारलं, हिचं हे असंच चालतं का रोज? मामा म्हणाला, असंच चालतं, लाईट असो नसो. चार वाजता चहा घेऊन पाहुणे उठले. पेढ्यांचा पुडा कुणाला द्यायचा ते त्यांना कळेना, तो त्यांनी शेवटी टेबलावर ठेवला. आप्पासो त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.

मामानं झाकण बसवलं, हात विजारीला पुसले, माझ्या हातातला कॅन घेतला आणि कुणाचाही निरोप न घेता निघाला. उन्हं तिरपी झाली होती. गल्लीच्या मधोमध, कॅन एका हातातून दुसऱ्या हातात घेत, तो सावकाश फाट्याकडं चालला होता. आक्काताई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मागच्या खोलीच्या गल्लीकडच्या खिडकीतून अंजनाही बघत होती, हेडफोन कानावरच, बोटं चालूच.